कावळा, फांदी आणि न्यूट्रिनो

मंडळी, सवसारख्या गावात गुरुत्वीय लहरींवर व्याख्यान ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेलाच असतो. याचा आमच्याशी काय संबंध? तो प्रश्न हसून बाजूला सारायची व्याख्यात्यांची जुनी सवय आहे. आम्ही सुरुवात तिथूनच करतो.

तुमच्या गावचं गरम पाण्याचं कुंड घ्या. पावसाचं पाणी जमिनीत खोल मुरतं, तिथली उष्णता घेतं आणि खडकातल्या भेगांतून पुन्हा वर येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून खाली राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची एक ओळच कोकणात आहे. पृथ्वीच्या पोटातून बाहेर येणाऱ्या एकूण उष्णतेपैकी निम्म्याच्या आसपास युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणोत्सारी ऱ्हासातून येते, असं जपानमधल्या कामलँड प्रयोगाने २०११ साली मांडलं. पृथ्वीच्या पोटात तर कोणी उतरलेलं नाही, मग हे मोजलं कसं? त्या ऱ्हासात एक कण बाहेर पडतो, न्यूट्रिनोचा जोडीदार प्रतिन्यूट्रिनो. खडक, माती, पाणी, आपली शरीरं, सगळ्यांतून तो आरपार जातो. क्वचित एखादा उपकरणात अडकतो. कामलँडने असे मोजके अडकलेले कण मोजले आणि त्यावरून पृथ्वीच्या पोटातला हिशेब मांडला. म्हणजे आज ज्या जातीच्या कणांबद्दल बोलायचं आहे ते या क्षणी या सभेतल्या प्रत्येकाच्या अंगातून जात आहेत. खालून पृथ्वीचे, वरून सूर्याचे. सूर्याचेच घेतले तर नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी. तरी कोणाला काही कळत नाही. हा त्यांचा गुण, आणि शोधणाऱ्यांच्या दृष्टीने हाच त्यांचा अवगुण.

गुरुत्वीय लहरींचंही काहीसं असंच. दोन कृष्णविवरं किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत एकमेकांत मिसळतात, तेव्हा अवकाशच किंचित ताणलं आणि आकुंचन पावलं जातं. ती थरथर वाटेत कशानेही अडत नाही. वस्तुमान कसं हललं हे लहर सांगते, आणि तिथल्या तप्त द्रव्यात काय घडलं हे न्यूट्रिनो सांगू शकतो. एकाच घटनेतून दोन्ही हाती लागले तर प्रकाशाला जिथून बाहेर पडता येत नाही तिथली बातमी मिळेल. म्हणून लहरीबरोबर येणाऱ्या कणांचा शोध गेली चाळीसेक वर्षं चालू आहे. त्या शोधाबद्दल आमची तक्रार नाही. आमची टीका आहे ती तो शोध कसा सांगितला जातो, आणि काही वेळा कसा केला गेला, यावर.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. या शोधातला सगळा झगडा त्या कावळ्याशी आहे. इथे फांदी म्हणजे लहर, कावळा म्हणजे न्यूट्रिनो. फांदी मोडली तेव्हा कावळा तिथे होता, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्या झाडावर एरवी किती कावळे बसतात, ते आधी मोजलेलं हवं.

मराठीत याला आपण ‘योगायोग’ म्हणतो. शब्द चांगला आहे, पण त्याला पत्रिकेचा वास आहे. ‘योग जुळून आला’ म्हटलं की त्यामागे काहीतरी असणारच, असा भाव आपोआप येतो. इथे नेमका उलटा अर्थ हवा आहे, मागे काहीही नसताना जुळलेलं. म्हणून आज आम्ही ‘निव्वळ गाठ’ म्हणू.

आता १९८७ सालची गोष्ट. त्या वर्षी २३ फेब्रुवारीला दक्षिण गोलार्धातून दिसणाऱ्या मोठ्या मॅगेलन मेघात एका ताऱ्याचा स्फोट पृथ्वीवर कळला. अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं. प्रकाश दिसायच्या काही तास आधी, आपल्या घड्याळाने दुपारी १ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास, जपानच्या कामिओकांडेला ११, अमेरिकेच्या आयएमबीला ८ आणि रशियातल्या बक्सानला ५ न्यूट्रिनो सापडले. सगळे मिळून १३ सेकंदांच्या आत. तीन देशांत, वेगवेगळ्या तऱ्हेच्या यंत्रांत, एकाच वेळी. याला निव्वळ गाठ कोणी म्हटलं नाही आणि म्हणायचं कारणही नव्हतं.

पण त्याच दिवशी आणखी एक नोंद झाली होती. युरोपातल्या मोंट ब्लांक पर्वताखालच्या बोगद्यातल्या उपकरणाने सकाळी ८ वाजून २२ मिनिटांनी, म्हणजे बाकीच्यांच्या ४ तास ४३ मिनिटं आधी, ७ सेकंदांत ५ ठोके टिपले. त्या वेळी कितीतरी मोठ्या कामिओकांडेत तसा पुंजका नव्हता. खरी कथा सुरू होते ती इथे. रोममध्ये आणि अमेरिकेत मेरीलँडला गुरुत्वीय लहरी पकडण्यासाठी ॲल्युमिनियमची भलीमोठी दंडगोलं टांगलेली होती. मेरीलँडचं जोसेफ वेबर यांचं. त्यांनी १९६९ सालीच लहरी सापडल्याचा दावा केला होता, पण इतर कोणालाही तो पुन्हा करून दाखवता आला नव्हता. रोमच्या गटात एदोआर्दो आमाल्दी यांच्यासारखा दिग्गज होता. अतिशीत, अधिक संवेदनशील यंत्रं त्या दिवशी नेमकी बंद होती आणि खोलीच्या तापमानाला चालणारी ही दोनच चालू होती. या मंडळींनी दावा मांडला तो असा: मोंट ब्लांकच्या ठोक्यांच्या आसपास सुमारे दोन तास आमच्या दंडगोलांची थरथर आणि न्यूट्रिनो-यंत्रांतले ठोके यांची जोडी जमते, आणि थरथर सुमारे एक सेकंद आधी येते.

ऐकायला किती छान वाटतं! लहर आधी, कण नंतर, अंतर सेकंदाचं. तुकडे मात्र सुटे करून पाहावे लागतात. पहिली अडचण भौतिकीची. त्या दंडगोलांना जाणवेल एवढी लहर इतक्या दुरून यायची तर स्फोट झालेल्या ताऱ्याच्या स्वतःच्या वस्तुमानाहून कितीतरी पट वस्तुमान ऊर्जा होऊन उडायला हवं होतं. तारा सूर्याच्या साधारण वीसपट. हिशेब बसत नाही. दुसरी अडचण घड्याळाची. कामिओकांडेचं घड्याळ एका मिनिटापर्यंत मागेपुढे असू शकत होतं, आणि दावा सेकंदाचा. घड्याळ जुळवून घेतल्याशिवाय जोडीच लागत नाही, आणि जुळवून घ्यायला बसलं की कशाशीही जुळतं. तिसरी अडचण आम्हाला सगळ्यांत मोठी वाटते. कोणते दोन तास धरायचे, किती सेकंदांचं अंतर चालवून घ्यायचं, केवढा हेलकावा थरथर म्हणून मोजायचा, या निवडी आकडे समोर आल्यावर केल्या की प्रत्येक निवडीगणिक एक नवी फांदी उगवते. फांद्या वाढल्या की कावळ्याला बसायला जागाच जागा.

१९९५ साली सी. ए. डिक्सन आणि बर्नार्ड शुट्झ यांनी या दाव्याची फेरतपासणी छापली आणि तो टिकत नाही असं दाखवलं. स्फोट १९८७ चा आणि हिशेब मिटला आठ वर्षांनी! दाव्याची बातमी जगभर झाली होती. फेरतपासणी किती जणांपर्यंत पोचली असेल, अंदाज करा.

यात परक्यांना हसण्यासारखं काही नाही. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, १९६५ साली वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो पकडले. जगातल्या पहिल्या नोंदींपैकी ती एक, आणि ती टिकली. त्याच खाणीतल्या पुढच्या प्रयोगाने १९८० च्या दशकात प्रोटॉनच्या ऱ्हासाच्या काही संभाव्य घटना मांडल्या. आयएमबी आणि कामिओकांडे हे दोन्ही प्रयोग मुळात प्रोटॉनच्या ऱ्हासासाठीच उभारलेले, त्यांना तसं काही सापडलं नाही. मराठीत पहिल्या गोष्टीवर लिहिलेलं सापडतं. दुसरीवर आम्हाला जवळजवळ काहीच आढळलं नाही.

अंतर आधी ठरवायचं म्हणजे काय, हे महाड-पोलादपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर महाबळेश्वर-पोलादपूरकडे पाऊस कोसळला की सावित्रीचं पाणी इथवर यायला किती वेळ लागतो, आणि तेव्हा बाणकोटच्या खाडीत भरती असेल का, हे इथली जुनी माणसं आधी बोलतात, पाणी दारात यायच्या आधी. २०२१ च्या जुलैनंतर तर घराघरांत हा हिशेब असतो. पूर येऊन गेल्यावर ‘तीन दिवसांपूर्वी कुत्रं रडलं होतं’ म्हणणारेही भेटतात. दोघांनाही दोन घटनांची जोडी दिसलेली असते. फरक इतकाच की पहिल्याने वेळेचं अंतर पाणी वाहण्याच्या गतीवरून काढलेलं असतं आणि दुसऱ्याने पुरावरून मागे मोजलेलं असतं.

नव्या पिढीच्या शोधात हा धडा घेतलेला दिसतो. न्यूट्रिनो आणि लहर यांत जास्तीत जास्त किती अंतर पडू शकेल, याचा अभ्यास २०११ साली छापून आला. गॅमा किरणांच्या स्फोटांबद्दल जे माहीत होतं त्यावरून लहरीच्या मागेपुढे ५०० सेकंद, अशी खिडकी त्यात धरली. पहिली लहर सापडली ती त्यानंतर चार वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्या दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी. सूर्याच्या ३६ आणि २९ पट अशी दोन कृष्णविवरं, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर.

दक्षिण ध्रुवावर बर्फात एक घन किलोमीटर जागेत ५,१६० संवेदक पुरलेले आहेत. त्या प्रयोगाचं नाव आइसक्यूब. तिथे पाहिलं तर त्या हजार सेकंदांत तीन न्यूट्रिनो सापडले. आता बातमी करायची तर मथळा तयार आहे. पण आपण इथल्या इथे हिशेब करू. या यंत्रात वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो दिवसाला सुमारे २७५ सापडतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यातले हजार म्हणजे साधारण शहाऐंशीवा भाग. २७५ भागिले ८६, उत्तर तीनच्या जरा वर. म्हणजे विश्वात कुठेही काहीही घडलं नसतं तरी तीन सापडले असते! प्रत्यक्षातल्या निवडीच्या कसोट्यांप्रमाणे अपेक्षा सुमारे ४.४ ची होती. तिघांपैकी एकाचीही दिशा लहरीच्या दिशेशी जुळली नाही. भूमध्य समुद्रातल्या अंतारेस या प्रयोगात एकही न्यूट्रिनो नव्हता. शोधनिबंधात निष्कर्ष आहे तो असा की जे सापडलं ते नेहमीच्या गोंगाटाएवढंच आहे. आमच्या मते ११ फेब्रुवारी २०१६ च्या त्या गाजलेल्या घोषणेइतकंच हे वाक्य शिकवण्याजोगं आहे. मराठीत मात्र ‘आइन्स्टाइन खरे ठरले’ यापुढे गाडी सरकली नाही.

त्याच लहरीनंतर ०.४ सेकंदांनी फर्मी उपग्रहाच्या एका उपकरणाने गॅमा किरणांची क्षीण चाहूल नोंदवली होती. निव्वळ गाठ असण्याची शक्यता हजारात दोन, असं त्यांनी मांडलं. ऐकायला भक्कम वाटतं, पण कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश यावा असं कारण कोणाजवळ नव्हतं. इंटिग्रल उपग्रहाला काही दिसलं नाही. दुसऱ्या एका गटाने फर्मीचेच आकडे तपासून हा गोंगाटच असावा असं म्हटलं. आम्हाला त्यांचं म्हणणं पटतं. ‘हजारात दोन’ हा आकडा मोठ्याने सांगताना आपण किती ठिकाणी आणि किती वेळा शोधलं, हेही तितक्याच मोठ्याने सांगायला हवं. लॉटरीचं तिकीट लागलेल्याची मुलाखत होते, न लागलेल्यांची होत नाही.

आता एक काम असं की ज्याचा मराठी माणसाने अभिमान बाळगावा, आणि ते काम काही सापडल्याचं नाही. ४ जानेवारी २०१७ रोजी आणखी एक लहर नोंदली गेली, पुन्हा कृष्णविवरांची. सुमारे २३ तासांनी हवाईतल्या ॲटलास दुर्बिणीला, लहर जिकडून आली असेल त्याच पट्ट्यात, मंदावत जाणारा एक प्रकाशबिंदू दिसला. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांचे कान टवकारले. कृष्णविवरांच्या मीलनाला प्रकाशाची जोड मिळाली असती तर तो मोठाच धक्का होता. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे. ते टाटा संस्था, पुण्याचं आयुका आणि इतर संस्थांनी मिळून उभं केलं. त्याच्या नोंदींत लहरीनंतर सुमारे २१ तासांनी झालेला गॅमा किरणांचा एक स्फोट सापडला. वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तो प्रकाशबिंदू म्हणजे या वेगळ्या, त्याहून दूरच्या स्फोटाची मागे राहिलेली झळाळी आहे. लहरीशी त्याचा संबंध नाही. फांदी वेगळी, कावळा वेगळा.

या कामावर मराठीत व्याख्यानं झालेली आम्ही ऐकली नाहीत. खोटी जोडी वेळेवर मोडणं हा शोधच आहे, हे आपल्या विज्ञानलेखनात अजून मुरलेलं नाही. आपल्याकडे ‘अपयशी प्रयोग’ आणि ‘काही न सापडलेला प्रयोग’ या दोन्हींना एकच माप लावतात. शाळेत प्रयोगाचं उत्तर ‘यायला हवं तेवढं’ आणून दाखवायची जी सवय लागते, तिचं मूळ इथेच असावं, असं आमचं मत. ज्यांना पटत नसेल त्यांनी शेवटी भांडावं.

खरी जोडी कशी असते ते त्याच वर्षी १७ ऑगस्टला दिसलं. दोन न्यूट्रॉन तारे, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. लहरीनंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरण, फर्मीला आणि इंटिग्रललाही. काही तासांत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत प्रकाश सापडला. पुढे क्ष-किरण, मग रेडिओ लहरी. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीनेही त्याचा पाठपुरावा केला. ॲस्ट्रोसॅटला गॅमा किरण दिसले नाहीत, कारण त्या क्षणी स्रोत आणि उपग्रह यांच्या मध्ये पृथ्वी होती. या न दिसण्याचाही उपयोग झाला. पृथ्वीने झाकलेल्या आकाशाच्या भागातच स्रोत आहे, एवढं तरी पक्कं झालं.

आणि न्यूट्रिनो? आइसक्यूब, अंतारेस आणि अर्जेंटिनातली पिएर ऑजे वेधशाळा, तिघांनी मागेपुढे ५०० सेकंद शोधलं, नंतरचे १४ दिवस शोधलं. नाही. त्या स्फोटाचा झोत आपल्याकडे सरळ रोखलेला नव्हता, म्हणून न्यूट्रिनो न मिळणं समजण्यासारखं आहे. तेव्हापासून शेकड्यांनी लहरी नोंदल्या गेल्या. ज्याच्यावर बोट ठेवून ‘हा लहरीबरोबर आला’ असं म्हणता येईल असा एकही न्यूट्रिनो हाती लागलेला नाही.

मग हिंगोलीचं काय? हा प्रश्न आता टाळता येत नाही. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ ची, अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ ची, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. पैसा जनतेचा आहे आणि जमीन मराठवाड्याची. त्याचं समर्थन करताना जी भाषणं होतात त्यांत ‘विश्वाची रहस्यं उलगडणार’ यापलीकडे फारसं काही नसतं. असं बोलणं धोक्याचं आहे. यंत्र सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षं मथळा आला नाही तर लोक विचारतील, कुठे आहेत ती रहस्यं? आणि त्यांचं विचारणं रास्तच असेल.

खरं कारण रुक्ष आहे, पण ते सांगता येतं. २०१५ ची लहर दोनच यंत्रांनी पकडली. ती आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंश पट्ट्यातून कुठूनही आली असेल, एवढंच कळत होतं. सगळं आकाश सुमारे ४१,२५३ चौरस अंश. म्हणजे जवळजवळ दीड टक्का. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिसरं यंत्र, इटलीचं व्हर्गो, जोडीला होतं. पट्टा २८ चौरस अंशांवर आला, हजारात एका भागाहूनही कमी. आता कावळ्यांचा हिशेब पुन्हा करा. हजार सेकंदांत नेहमीचे तीन-चार न्यूट्रिनो येणारच. पट्टा दीड टक्क्याचा असेल तर त्यातला एखादा निव्वळ गाठीने आत पडायची शक्यता शंभरात पाचेक. पट्टा हजाराव्या भागाएवढा असेल तर ती हजारात तीन-चारवर येते. हिंगोलीचं यंत्र अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांपासून आणि इटलीपासून दूर आहे. त्या दूरपणामुळे पट्टा आणखी आकसेल. म्हणजे न्यूट्रिनो शोधणाऱ्यांसाठी हिंगोलीची किंमत लहरी ‘मोठ्या’ ऐकण्यात नाही, नको असलेले कावळे हाकलण्यात आहे. गोंगाटातून लहर ओळखायची गणितं पुण्यात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली मांडली, तेव्हा लायगोचं बांधकामही सुरू झालेलं नव्हतं. ही परंपरा सांगायची तर अशी सांगावी: कशाला ‘होय’ म्हणायचं हे ठरवण्याआधी कशाला ‘नाही’ म्हणायचं ते ठरवणाऱ्यांची.

न्यूट्रिनोच्या बाजूला मात्र आपली पाटी कोरी आहे. कोलारची खाण २००१ साली बंद झाली. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात डोंगराखाली न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती, ती पर्यावरणाच्या आणि स्थानिकांच्या आक्षेपांत अडकून राहिली. ते आक्षेप सगळेच चूक होते असं आम्ही म्हणणार नाही. दरडी कशा सुटतात हे माहीत असलेल्या तालुक्यात, डोंगराला हात लावण्याबद्दल कोणी शंका काढली तर तिला अडाणीपणा म्हणायची आमची हिंमत नाही. पण त्यामुळे उद्या हिंगोलीला लहर ऐकू आली, तरी तिच्याबरोबरचा कण शोधायला दक्षिण ध्रुवाकडे, जपानकडे किंवा भूमध्य समुद्राकडेच पाहावं लागणार. लहर इथली, कण तिकडचा.

वेळ होत आला. मागच्या रांगेतल्या काकांचा हात मघापासून वर आहे, आधी त्यांचा प्रश्न घेऊ. मग कुंडाच्या पाण्याबद्दल ज्यांना विचारायचं आहे त्यांनी विचारावं.